न आलेला गंध

"अहो, बास!"

मराठी शब्द इतक्या अवचित कानावर आले की नुपूरच्या हातातली तिखटाची बाटली वाडग्यावर तशीच उलटी राहिली... आणि उरलंसुरलं तिखटही उदोनमध्ये सांडलं.

कोबेहून शोदोशिमा बेटाकडे निघालेली बोट नुकतीच बंदराबाहेर पडली होती. ऑक्टोबरचं कोवळं ऊन पाण्यावर पसरलं होतं. बोटीवरच्या छोट्या दुकानातून उदोनचे वाफाळते वाडगे घेऊन लोक काचेलगतच्या लांब फळीपाशी बसले होते आणि सुर्रकन नूडल्स ओढत होते. नुपूरच्या शेजारी बसलेल्या माणसाने डोक्याला टॉवेल गुंडाळला होता, पायात रबरी बूट होते, आणि उन्हाने तो इतका रापला होता की तिने त्याला बेटावरचा कुणी शेतकरीच समजून सोडून दिलं होतं.

"सॉरी," तो म्हणाला. "मघाशी तुम्ही फोनवर मराठी बोलताना ऐकलं. मी गप्पच बसणार होतो. पण तेवढ्या तिखटात आमच्याकडे अख्ख्या पंगतीचा रस्सा होतो हो."

"आमच्याकडे म्हणजे?"

"पिंपळगाव बसवंत. नाशिक जिल्हा. आणि तुम्ही कोल्हापूरच्या. बरोबर?"

"चूक. पुण्याची. सहकारनगर."

त्याने आधी वाडग्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "पुण्याच्या? मग तुमच्या पत्रिकेत मिरची उच्चीची असणार."

नुपूर हसली. खूप दिवसांनी असं आतून, न ठरवता हसली. आणि मग त्या लालभडक वाडग्यातला पहिला घास तिने इतक्या शांतपणे खाल्ला की तो बघतच राहिला.

त्याला काय माहीत, की तिखटाचा तो जाळच तेवढा तिला कळायचा! दोन वर्षांपूर्वी तापाने आठवडाभर अंथरुणाला खिळली होती ती. ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. जिभेला गोड, खारट, आंबट एवढं समजायचं. बाकी सगळं कागद चावल्यासारखं. कॉफी म्हणजे कडू पाणी. पाऊस म्हणजे नुसता आवाज. डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू... कदाचित.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. लहानपणी घरातलं नाक म्हणजे नुपूर. दूध नासायच्या आधी तिला कळायचं, फोडणीत हिंग राहिला तर ती बाहेरच्या खोलीतून ओरडायची. आई अजूनही रोज फोनवर विचारायची, "आज काय खाल्लंस गं?" आणि नुपूर टोकियोत, ओजिमाच्या आपल्या छोट्या फ्लॅटमध्ये बसून रंगवून रंगवून सांगायची. एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा सोपं जातं. दोन वर्षांत ती त्यात पटाईत झाली होती.

ही खाण्यापिण्याची सहलसुद्धा तिची नव्हतीच. वैभवीची होती. वैभवी म्हणजे जवळच फुनाबोरीला राहणारी तिची मैत्रीण. जोडसुट्टीला एक रजा जोडून चार दिवस बेटावर मनसोक्त खायचं, प्यायचं, हिंडायचं... सगळी बुकिंगं तिने केली, आणि ऐन वेळी लेकीला ताप भरला. "तू जा गं," ती मघाशी फोनवर म्हणत होती. "माझ्या वाटणीचंही खा!"

"मी सत्यजित बोरस्ते," शेजारचा सांगत होता. "घरची द्राक्षबाग. शेतकीचं शिकायला कोबेला आलो, आणि परत जायच्या आधी म्हटलं हे बेट बघून येऊ. ते बघायला आलो तो चार वर्षं झाली, अजून बघतोच आहे."

"करता काय तिथे?"

"वाइन."

"पिता?"

"करतो!" तो हसला. "हामागुची-सान म्हणून एक बाई आहेत. वय वर्षं बहात्तर. नवऱ्याने लावलेला मळा एकट्या चालवतात. मी त्यांचा गडी, ड्रायव्हर, आणि बोलणी खायला हक्काचा माणूस."

बाहेर बेटं येत होती, जात होती. धुक्यात अर्धी बुडालेली, निळीकरडी... जणू कुणीतरी झोपेत असताना काढलेलं चित्र. बोलता बोलता तीन तास कधी सरले ते दोघांनाही कळलं नाही.

साकाते बंदरावर त्याचा छोटा पांढरा ट्रक उभा होता.

"बस तासाभराने आहे," तो म्हणाला. "मागे रिकाम्या बाटल्या आहेत, पुढे एक सीट रिकामी आहे. बघा बुवा."

नुपूरने मोबाईल काढला. "मैत्रिणीला गाडीचा नंबर पाठवून ठेवते हं."

"पाठवाच!" म्हणत तो झटकन नंबरप्लेटशेजारी जाऊन बसला आणि त्याने हनुवटीखाली हात धरून पोझ दिली. फोटो गेला, आणि मिनिटभरात वैभवीचं उत्तर आलं. नंबरप्लेटबद्दल त्यात अवाक्षरही नव्हतं. लिहिलं होतं, "हा कोण?? बरं झालं मी आले नाही!"

वाटेत त्याने एका जुन्या वस्तीत ट्रक थांबवला. सगळ्या भिंती काळ्या लाकडाच्या, छपरंही काळवंडलेली. शंभर शंभर वर्षांच्या लाकडी पिंपांत इथे सोया सॉस मुरत असतो, त्याने सांगितलं. मग डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला.

"आला?"

"हं... मस्त," नुपूर सवयीने म्हणाली.

"मला यात काय येतं सांगू? गुऱ्हाळ. कढईत काकवी उकळतेय, तळाला जराशी लागलीय, आणि कुणीतरी शेजारी ओल्या मातीवरून पोतं ओढत नेतंय. वर कोपऱ्यात कुठेतरी जुन्या दप्तराचा वास... पावसाळ्यात भिजून घरात वाळत घातलेलं दप्तर असतं ना, ते."

नुपूर डोळे मिटून उभी राहिली. नाकाला काहीच आलं नाही. पण काकवीचे जाड बुडबुडे, ओढलेल्या पोत्याचा मातीवर उठलेला पट्टा, दप्तराचे ओले बंद... हे सगळं तिला लख्ख दिसलं. दोन वर्षं बंद पडलेल्या एखाद्या खोलीची खिडकी कुणी बाहेरून किलकिली करावी, तसं.

"अजून सांगा ना," ती म्हणाली.

"सांगतो की. उद्या अख्खा दिवस सांगतो. येताय?"

ती गेली. शनिवारचा तो दिवस पुढे कितीतरी काळ तिला एखाद्या लांबलेल्या स्वप्नासारखा आठवत राहिला. सकाळी हाताने ओढलेल्या सोमेनच्या शेवया उन्हात वाळत घातलेल्या पाहिल्या. पांढऱ्या धाग्यांचे पडदेच्या पडदे वाऱ्यावर झुलत होते. पडद्याच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो. मध्ये शेवया हलल्या की त्याचा चेहरा दिसायचा... आणि नाहीसा व्हायचा.

"काय बघताय?" तिकडून आवाज आला.

"शेवया."

"मीही शेवयाच बघतोय," तो म्हणाला. एवढंच. पण नुपूरच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

दुपारी धक्क्यावरच्या टपरीवजा हॉटेलात भाजलेला मासा आला. वर लिंबाची फोड. "हे लिंबू आपल्यासारखं नाही," त्याने फोड तिच्या पानाकडे सरकवली. "आपलं लिंबू भांडखोर. हे कसं... नुकती आंघोळ करून आलेल्या मुलीसारखं." मग स्वतःच चपापला. "म्हणजे... साबणाचा, ताजा... जाऊ द्या."

"नाही, बोला ना," नुपूर गालातल्या गालात हसत म्हणाली. "कुठल्या मुलीसारखं?"

"मासा गार होतोय."

परतताना भुरभुर पाऊस आला. ट्रकच्या काचेवरून थेंब ओघळत होते, आणि पलीकडे समुद्र आणि आभाळ यांतली रेघ पुसून गेली होती. ट्रक कडेला थांबवून, वायपर बंद करून तो पाऊस बघत बसला. तीही. सीटवर दोघांच्या हातांमध्ये वीतभर अंतर होतं. ते अंतर कमी करायला दोघांपैकी कुणीच हात हलवला नाही, आणि तरी ट्रक पुन्हा सुरू झाला तेव्हा ते थोडं कमी झालं होतं.

मळा डोंगराच्या उतारावर होता. वर द्राक्षं, खाली ऑलिव्हची झाडं, आणि त्याखाली पाणी. हामागुची-सान फाटकापाशीच उभ्या होत्या. बुटक्या, काटक, डोक्यावर फुलाफुलांची उन्हाची टोपी. त्यांनी नुपूरला आपादमस्तक न्याहाळलं, सत्यजितकडे पाहिलं, आणि "सत्या-सान, आज छाटणीची कात्री आणायला अख्खा दिवस लागला वाटतं?" एवढंच जपानीत म्हणून त्या निघून गेल्या.

तळघरात गारवा होता. एका बाजूला दोन लाकडी पिंपं वेगळी ठेवलेली होती.

"ही दोन माझी," सत्यजित म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजातली थट्टा गेली. "गेल्या वर्षीची द्राक्षं. मीच तोडली, मीच तुडवली. हामागुची-साननी सांगितलंय, उद्या दुपारी गावातली मंडळी चव घ्यायला येतील. त्यांना आवडली तर पुढच्या वर्षी अर्धा मळा माझ्या हाती. माझ्या नावाची बाटली निघेल. नाही आवडली तर... घरून बाबांचे फोन चालूच आहेत, बास झालं, परत ये म्हणून."

"आणि दोनांतलं कुठलं द्यायचं?"

"तिथेच तर गाडी अडलीय. पहिलं पिंप साधं आहे. सरळ, गुणी पोरासारखं. दुसऱ्यात मी काही घातलं नाही, सालीवरच्या रानटी यीस्टवर सोडून दिलं. त्यात काहीतरी आहे. कधी वाटतं, हेच खरं माझं. आणि कधी वाटतं..." तो थांबला. "वर्षभर रोज हुंगतोय. आपल्याच घराचा वास आपल्याला येत नाही तसं झालंय. आणि इथे लोक इतके सभ्य, तोंडावर कुणी सांगत नाही. तुम्ही सांगाल?"

त्याने दुसऱ्या पिंपातली वाइन काचेच्या नळीने काढून ग्लासात सोडली. दिव्याखाली ती जांभळीलाल चमकली.

"नीट हुंगा. ओल्या घोंगडीसारखा काही वास येतो का? खरं सांगायचं हं. तुमच्यावर माझा भरवसा आहे."

नुपूरने ग्लास नाकाशी धरला. काही नाही. भिंत. सांगून टाक, ती स्वतःला म्हणाली. आत्ता. पण दिवसभर या माणसाने तिला एकेक वास हातात आणून दिला होता. तिच्या प्रत्येक "अहाहा"वर त्याचा चेहरा उजळला होता. ते सगळे अहाहा खोटे होते, हे आता कसं सांगायचं? आणि सांगितलं तर उद्यापासून तो तिच्याकडे कसा बघेल... सगळे आजाऱ्याकडे बघतात, तसाच ना?

"नाही," ती म्हणाली. "घोंगडी वगैरे काही नाही. खूप... खूप छान आहे. हेच द्या."

त्याने इतका मोठा सुस्कारा सोडला की दोघंही हसले. "बास! ठरलं तर मग." आणि आनंदाच्या भरात त्याने तिचा हात हातात घेतला, मग लक्षात आल्यावर सोडला... मग, क्षणभर विचार करून, पुन्हा घेतला.

नुपूरने हात सोडवून घेतला नाही. पण ग्लास मात्र तिने न पिताच खाली ठेवला.

रविवारी दुपारी अंगणात लाकडी बाकं मांडली होती. बाराएक माणसं होती. शेवयांचा कारखानदार, निवृत्त मास्तर, दोन मच्छीमार, पोस्टातल्या बाई. ताटल्यांत मिठातली ऑलिव्ह, तळलेली छोटी मासळी, भोपळ्याच्या फोडी. सत्यजितने पांढरा शर्ट घातला होता आणि कान धुतलेल्या शाळकरी मुलासारखा तो सगळ्यांपुढे ग्लास ठेवत फिरत होता.

पहिला घोट घेतला गेला.

"ओमोशिरोई चव आहे," मास्तर म्हणाले. वेगळीच, गंमतीदार.

"हो, ओमोशिरोई," पोस्टातल्या बाई म्हणाल्या आणि पाण्याचा ग्लास जवळ ओढला.

जपानमध्ये सहा वर्षं काढलेल्या नुपूरला कळायचं ते कळलं. जेवण आवडलं की ही माणसं डोळे मिटून "उमाई!" म्हणतात. ओमोशिरोई हा शब्द न आवडल्यावर पांघरूण घालायला असतो. ग्लास पुन्हा उचलले गेले नाहीत. मासळी संपली, ऑलिव्ह संपली, सगळे वाकून वाकून आभार मानून गेले... आणि बाकांवर बारा ग्लास उरले, काठोकाठ नसले तरी भरलेलेच. त्यातल्या एका ग्लासात हामागुची-साननी नाक घातलं.

"ओलं कुत्रं," त्या म्हणाल्या, आणि टोपी सारखी करून घरात गेल्या.

सत्यजित खाली बसला. एक ग्लास उचलून त्याने कितीतरी वेळ वास घेतला. "आहे," तो हळूच म्हणाला. "घोंगडी आहे. स्पष्ट आहे. तुम्हाला कसा नाही..." मग त्याने मान वर केली, आणि तिच्या चेहऱ्यावर त्याला उत्तर दिसलं असावं.

"मला वास येत नाही," नुपूर म्हणाली. "कसलाच. दोन वर्षं झाली."

वाऱ्याने ऑलिव्हची पानं उलटली आणि अख्खा उतार क्षणभर चंदेरी झाला.

"म्हणजे... परवाची ती गल्ली? कालचं लिंबू?"

"नाही."

"आणि तुम्ही... हो म्हणत गेलात."

"सत्यजित, मी—"

"वाइनचं दुःख नाही हो," तो म्हणाला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं तिला. "वाइन पुन्हा करता येते. पण मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्यासोबत हुंगतंय. मी एकटाच बडबडत होतो म्हणायचा." तो उठला, एकेक ग्लास गोळा करू लागला. "बसस्टॉप खाली डाव्या हाताला आहे. पाच वाजता आहे बस."

संध्याकाळी नुपूर सरायीच्या खिडकीत बसली होती. समोर ताट मांडलेलं. बांगड्याच्या जातीचा मासा असावा, वाटीत गरम भात, मिसोचं सूप. तिला घास गिळवेना. तेवढ्यात आईचा फोन आला.

"काय खाल्लंस गं आज?"

आणि नुपूरला एकदम रडू फुटलं. मग तिने सगळं सांगितलं. ताप, डॉक्टर, कागदासारखी पोळी, दोन वर्षांचं सगळं खोटं.

"अगं," आई म्हणाली, "मग दोन वर्षं एकटीने जेवलीस म्हण की तू."

नुपूरने नाक पुसलं. "रागावली नाहीस?"

"रागावले आहे. चांगलीच रागावले आहे. पण ते भारतात आलीस की. आधी मला सांग, हे आज कसं काय बाहेर पडलं? कुणाला दुखवलंस?" आया फोनवरूनही कशा ओळखतात कोण जाणे. नुपूरने तेही सांगितलं. आई म्हणाली, "मग इथे फोनवर काय रडतेस? जिथे चुकलीस तिथे जाऊन रड."

सोमवारी सकाळी आठ वाजता बॅग सरायीतच ठेवून नुपूर मळ्यावर चढून गेली. हामागुची-सान अंगणात ग्लास पुसत होत्या. नुपूर कमरेत वाकली आणि वाकूनच, जमेल तितक्या नेटक्या जपानीत, बोलत राहिली. चूक सत्या-सानची नाही. त्यांना शंका होती. मी खोटं बोलले. कृपा करून दुसऱ्या पिंपावरून त्यांची पारख करू नका. पहिलं एकदा चाखा.

"चाखलंय," हामागुची-सान म्हणाल्या. "गेल्याच आठवड्यात. दोन्ही."

नुपूरने मान वर केली. "मग तुम्ही... काल थांबवलं का नाही?"

"वाइन करणाऱ्याने एकदा तरी अंगणभर भरलेले ग्लास परत गोळा करायला हवेत. मी केलेत. माझ्या नवऱ्याने तर दोनदा केले." म्हाताऱ्या बाईंनी ग्लास उन्हाकडे धरला. डाग दिसला तसा पुन्हा पुसला. "त्याचं नाक माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण ऐन वेळी तो दुसऱ्याला विचारायला जातो. आता नाही जायचा. पुढच्या रविवारी पहिलं पिंप उघडू, माणसं पुन्हा येतील. फुकटच्या मासळीला कोण नाही म्हणतं?" मग तिच्याकडे तिरकं बघत म्हणाल्या, "आणि तू स्वतःला फार दोष देऊ नकोस. तरुण पुरुष एखाद्या मुलीला तळघरात नेऊन वाइन कशी आहे विचारतो, तेव्हा तो वाइनबद्दल विचारत नसतो."

नुपूरला हसावं की लाजावं कळेना.

"खालच्या ओळीत आहे तो," त्या म्हणाल्या. "पहाटेपासून ऑलिव्ह तोडतोय. झाडांवर राग काढतोय. माझी झाडं वाचव."

उतारावर दव होतं. ओळीच्या टोकाला तो दिसला, कमरेला टोपली, डोक्याला टॉवेल. पावलांचा आवाज आला असणार, पण त्याने वळून पाहिलं नाही. नुपूर फांदीच्या अलीकडे थांबली.

"माफी मागायला आले आहे," ती म्हणाली. "पण आधी एक खरं सांगते. हो म्हणत होते ते वासाला नव्हतं. ते खोटं होतं. पण तुम्ही काकवी म्हणालात तेव्हा मला काकवी दिसली. तुम्ही लिंबाबद्दल बोललात आणि माझ्या तोंडाला... किती दिवसांनी हो, पाणी सुटलं. दोन वर्षांत मला एकदाही जेवावंसं वाटलं नव्हतं. परवा वाटलं. तुम्ही एकटे बडबडत नव्हता, सत्यजित. मी ऐकत होते. इतकं मन लावून मी कधीच कुणाचं ऐकलं नाही."

त्याचा हात फांदीवर थांबला.

"मला घोंगडीचा वास येत होता," तो झाडाकडेच बघत म्हणाला. "परवासुद्धा. तुम्ही नाही म्हणालात, आणि मी माझं नाक खोटं ठरवलं. रात्रभर स्वतःला विचारत होतो, असं का केलं? नाकावर पोट आहे माझं."

"मग?"

"मग काय..." आता तो वळला. डोळे जागरणाने लाल होते, पण कोपऱ्यात ती ओळखीची थट्टा पुन्हा हलली. "तुम्ही म्हणाला असता की हे रॉकेल आहे आणि छान आहे, तर तेही वाढलं असतं मी लोकांना."

नुपूर एक पाऊल पुढे आली. बोलायचं खूप होतं. शेवटी जे आलं ते तिने ठरवलेलं नव्हतं.

"मला कशाचाच वास येत नाही," ती म्हणाली. "पण मघाशी मी इथे येताना रस्ता विचारला नव्हता. ओळी सगळ्या सारख्या दिसतात. तरी... तू कुठे आहेस ते कळलं मला."

तू. शब्द निसटून गेला होता. तिने जीभ चावली. पण त्याने तो ऐकला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर सावकाश, अगदी सावकाश, उन्हासारखं काहीतरी पसरत गेलं.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

"काय?"

"शेवटचं नाही. मधलं. तो एकाक्षरी शब्द."

"तू," नुपूर म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. "तू, तू, तू. झालं?"

त्याने कमरेची टोपली सोडून खाली ठेवली. तिचे दोन्ही हात हातात घेतले. त्याच्या बोटांना ऑलिव्हचा चिकट हिरवा रस लागलेला होता. "आता माझं ऐक. मला तुला वास सांगायला आवडतं. रोज सांगेन. टोकियोला फोन करून सांगेन, सुट्टीला आलीस की इथे सांगेन. तुझं नाक उद्या बरं झालं तरी सांगेन, आणि कधीच बरं नाही झालं तरी. फक्त एक अट. यापुढे मस्त म्हणायचं नाही. येत नसेल तर येत नाही म्हणायचं."

"येत नाही," ती लगेच म्हणाली.

"शाब्बास. आणि मी?"

"तू काय?"

"मी... आवडतो का? इथे पण खरंच सांगायचं."

नुपूरने कपाळ त्याच्या खांद्याला टेकवलं आणि डोळे मिटले. खाली कुठेतरी मच्छीमारांची होडी फटफट करत निघून गेली. कितीतरी वेळाने तो हळूच म्हणाला, "शर्टाला माझ्या घामाचा वास येत असेल हं. पहाटेपासून राबतोय."

"येत नाही," ती खांद्यातच पुटपुटली.

तो इतका मोठ्याने हसला की वरच्या अंगणातून हामागुची-साननी डोकावून पाहिलं. मग त्याने विचारलं, "किती वाजताची बोट तुझी?"

"साडेअकरा."

"ही ओळ संपवायची आहे मला. चार झाडं राहिलीत. दोघांनी केली तर वेळेत होईल."

नुपूरने बाह्या वर सारल्या. फांदी खाली ओढली, एक ऑलिव्ह तोडलं, ते उन्हात फिरवून नीट पाहिलं आणि टोपलीत ठेवलं. मग दुसरं. तेही तितक्याच निगुतीने. सत्यजितने थोडा वेळ पाहिलं.

"एवढ्या सावकाश कुणी तोडतं का? अशाने दुपार होईल."

"होऊ दे की," नुपूर म्हणाली, आणि तिने तिसरं ऑलिव्ह आणखी सावकाश तोडलं.